चव्वेचाळीस नंबरचं वाक्य

मंगळवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी विमा कंपनीच्या मृत्युदावा विभागातून त्या दिवसाचं पहिलं पत्र ई-मेलनं गेलं. एक वाजायच्या आत आणखी सोळा गेली. घरातलं माणूस गमावलेल्या सतरा कुटुंबांना ती मिळाली, आणि सतराही पत्रांच्या शेवटी, सहीच्या वर, एकच वाक्य होतं: "माणूस एकदाच मरतो, कागद मात्र तीन प्रतींत लागतात."

एरवी त्या जागी असायचं: "आपल्या दुःखात कंपनी आपल्यासोबत आहे. काही अडचण आल्यास निःसंकोच कळवावे."

ही पत्रं पाठवणाऱ्याला विभागात सुतारपक्षी म्हणत. जन्मताना त्याच्या मेंदूला इजा झाली होती. बुद्धी तल्लख, पण हातपाय आपल्या मर्जीचे मालक. एक हात वर जायचा तेव्हा दुसरा का वळतोय हे त्यालाही सांगता यायचं नाही. मान तेवढी त्याचं ऐकायची. म्हणून चाकाच्या खुर्चीत बसून, कपाळाला पट्टा बांधून, पट्ट्यातून पुढे आलेल्या वीतभर दांडीच्या रबरी टोकानं तो एकेक कळ दाबायचा. चुकून शेजारची कळ दाबली जाऊ नये म्हणून कीबोर्डावर चाळणीसारखी भोकांची पट्टी बसवलेली होती. "लोकांच्या कपाळावर लिहिलेलं असतं," तो म्हणायचा, "मी कपाळानं लिहितो."

म्हणजे तो म्हणायचा आणि शेजारीण ते बाकीच्यांना सांगायची. त्याचं बोलणं जिभेला दगड बांधल्यासारखं यायचं. पहिले दोन महिने कुणालाच कळलं नाही. मग पलीकडच्या टेबलावरच्या बाईला कळायला लागलं. त्यानंच तिला शेजारीण हे नाव दिलं आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. रोज सकाळी दहाला त्याचा पट्टा तीच बांधायची, साडेपाचला तीच सोडायची. कपाळावर पट्ट्याचा वळ उमटलेला असायचा. त्यावर ती दोन बोटं फिरवायची आणि म्हणायची, "चला, आजचं बाशिंग उतरलं."

कपाळानं एकेक अक्षर टोचून पत्रं लिहिली असती, तर दिवसाला तीन झाली असती. त्याची मदार होती एका सॉफ्टवेअरवर. त्यात नव्वद तयार वाक्यं मावत, दहापासून नव्याण्णवपर्यंत प्रत्येकाला दोन आकडी नंबर. शेवटचे नऊ नंबर कंपनीनं रिकामे सोडले होते. आकड्यांच्या कळा एका कोपऱ्यात जवळजवळ असतात, मान फार वळवावी लागत नाही. बारा दाबलं की "आपला अर्ज मिळाला". सत्तावीस दाबलं की कोणते कागद हवेत त्याची यादी. चव्वेचाळीस म्हणजे दुःखाचं वाक्य. नंबर दाबला की अख्खं वाक्य पत्रात उमटायचं. सगळे नंबर त्याला तोंडपाठ होते.

पडद्याकडे तो फारसा बघायचा नाही. बघण्यासाठी मान वर केली की मानेला पीळ पडायचा, आणि पुन्हा स्थिर व्हायला अर्धं मिनिट जायचं. पत्राच्या सुरुवातीला नाव आणि दाव्याचा क्रमांक तो एकदा तपासायचा. बाकी सगळं भरवशावर. सॉफ्टवेअर उमटलेलं वाक्य मोठ्यानं वाचूनही दाखवायचं, पण दुसऱ्याच आठवड्यात विभागप्रमुख मॅडमनी आवाज बंद करायला लावला होता. "मेलेल्यांची नावं दिवसभर कोण ऐकणार?" त्या म्हणाल्या. कानातलं यंत्र लावून पाहिलं, ते मान हलली की पडायचं. तेव्हापासून तो न बघता, न ऐकता काम करत होता. अकरा महिन्यांत एकही चूक नाही.

शुक्रवारी दुपारी काम ओसरलं की दोघं खऱ्या वाक्यांची यादी बनवत. खरी म्हणजे, अर्ज वाचताना मनात येणारी. तो सांगायचा, ती दहा बोटांनी पटापट त्या रिकाम्या नंबरांत भरायची, एक्याण्णवपासून पुढे. एक्याण्णव: "आपला माणूस वर पोचला असेल, आपला अर्ज मात्र अजून पोचलेला नाही." त्र्याण्णव ते तीन प्रतींचं. रोज मरणाचे दाखले हाताळणारी माणसं अशीच हसतात. न हसली तर वेडी होतील. त्र्याण्णव सुचलं त्या दिवशी ती डोळे पुसत म्हणाली होती, "मेल्या, नरकात जाशील."

"चाकाची खुर्ची चालते का तिथं, विचार," तो म्हणाला होता.

दोघंही वर्षभराच्या करारावर होते. वर्ष महिनाअखेर संपत होतं आणि कायमची जागा होती एकच. जास्त पत्रं ज्याची, जागा त्याची, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पाण्याच्या मशीनशेजारी फळा होता. त्यावर रोज संध्याकाळी आकडे लिहिले जात. सुतारपक्षी: एकतीस. शेजारीण: अठ्ठावीस. दोन महिने चित्र हेच.

"काय शेजारीणबाई, टोच मारायला शिका आता," टपालाचा माणूस येता-जाता म्हणायचा. "बोटं झाली जुनी."

घरी सासूबाई तर त्यावर ताण. रविवारी भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलं, "तो कपाळानं टायपणारा पुढं, आणि तू दहा बोटांनिशी मागं? मग ती दहा बोटं करतात काय तिथं?"

"आई, त्याच्याकडं सॉफ्टवेअर आहे."

"आणि तुझ्याकडं काय आहे?"

नवरा पेपरामागे हसला.

सोमवारी ऑफिसात नवे कम्प्युटर आले. सुतारपक्षी सोमवारी व्यायामोपचारासाठी जायचा आणि जेवणानंतर यायचा. त्याची नव्वद वाक्यं जुन्या कम्प्युटरवरून नव्यावर न्यायचं काम मॅडमनी तिला दिलं. एकेक वाक्य उचलायचं, एकेका चौकटीत चिकटवायचं. कंटाळवाणं काम. पावणेबाराच्या सुमारास ती चव्वेचाळीसपर्यंत आली. तिनं त्या चौकटीत त्र्याण्णवचं वाक्य चिकटवलं. मग पंचेचाळीस, सेहेचाळीस, आणि पुढची सगळी जिथल्या तिथे. त्र्याण्णवही त्र्याण्णवला.

पहिल्याच पत्रात त्याला दिसेल, तो शिव्या घालेल, हसेल, दुरुस्त करण्यात तासभर जाईल, फळ्यावर एक दिवस तरी तिचा आकडा वर दिसेल, बस्स: असं तिनं नंतर स्वतःला सांगितलं. चिकटवताना हे सगळं तिच्या मनात होतं की काहीच नव्हतं, ते तिलाही आठवत नाही. त्या दुपारी त्यानं आल्याबरोबर जुने अर्ज लावून ठेवले, पत्रं लिहिली नाहीत.

मंगळवारी सकाळी दहाला तिनं त्याचा पट्टा बांधला.

"घट्ट झाला?"

"नाही. आज पस्तीस करतो, बघ," तो म्हणाला.

तिचं टेबल त्याच्यापासून हातभर अंतरावर. चव्वेचाळीस दाबल्याचा आवाज तिला पाठ होता, कारण त्या नंबरात एकच कळ दोनदा दाबली जाते: टक, टक, सारख्या अंतरानं. मग पत्र पाठवण्याची कळ, ती मोठी, तिचा आवाज जाड. दहा वाजून बारा मिनिटांनी टक, टक, आणि जाड आवाज आला. त्यानं मान वर केली नाही. आता बघेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या पत्रालाही वाटलं. तिसऱ्या पत्राच्या वेळी ती चहा आणायला उठली. त्याच्या कपात नळी घालून तो त्याच्यापुढे ठेवला. "शेजारधर्म," तो म्हणाला. चौथ्या पत्रापासून तिनं मोजायला सुरुवात केली. बोलायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि उघडलं असतं तर पहिल्या तीन पत्रांचं काय, हेही सांगावं लागलं असतं. प्रत्येक पत्रागणिक ते जड होत गेलं. तिनं सतरा वेळा टक-टक ऐकलं. त्या वेळात तिची स्वतःची चौदा पत्रं झाली.

एकला दहा मिनिटं असताना मॅडमच्या फोनवर पहिली तक्रार आली. फोन ठेवून त्या बाहेर आल्या आणि त्यांनी त्याच्या कम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली.

बुधवारी सकाळी एक बाई आली. पन्नाशीची, हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिचा विशीतला मुलगा कारखान्यात कोसळलेल्या लोखंडी दाराखाली सापडून गेला होता. दावा त्याचा होता. तिनं पिशवीतून तीन कागद काढले. मंगळवारच्या पत्राच्या तीन झेरॉक्स.

"तीन प्रती म्हणालात ना," ती म्हणाली. "आणल्यात. कुणाला द्यायच्या?"

मॅडमनी माफी मागितली, खुर्ची पुढे केली. बाई बसली नाही. "लिहिलं कुणी, तेवढं दाखवा."

मॅडमनी दाखवलं. बाई त्याच्यासमोर गेली. त्याच्या कपाळाला पट्टा होता, पुढे दांडी होती, आणि हात आपल्या मर्जीनं वळत होते. ती बराच वेळ बघत राहिली. विभागातल्या नऊ माणसांना वाटलं की आता तिला त्याची दया येईल.

"देवानं तुला हे उगाच नाही दिलं," बाई म्हणाली. तीन प्रती तिनं त्याच्या कीबोर्डावर ठेवल्या, कडा जुळवून.

तो बोलायला लागला. घाईत बोलला की त्याचे शब्द आणखी चिकटत. बाईनं शेजारणीकडे पाहिलं. "काय म्हणतोय हा?"

तो म्हणत होता: माफ करा, पत्र माझ्याकडून गेलं, पण मी ते लिहिलं नव्हतं.

"माफी मागतोय," शेजारीण म्हणाली.

बाई निघून गेली. दुपारी टेबलापाशी कुणी नसताना तो शेजारणीला म्हणाला, "यादी नेताना चूक झाली असेल तुझ्याकडून. नव्वद वाक्यं, कुणाचीही होईल. उद्या सांगून टाक. चुकीसाठी कुणाला फासावर देत नाहीत."

"बघते," ती म्हणाली.

"बघते काय? माझी नोकरी जातेय."

"सांगते म्हटलं ना."

ही नोकरी गेली तर त्याला दुसरी मिळणार नव्हती. ही एक मिळायला नऊ वर्षं लागली होती. तिला ते माहीत होतं, कारण पहिल्या पगाराच्या दिवशी त्यानंच सांगितलं होतं. यादीतली चूक म्हणून सांगणं तसं सोपं होतं. पण चूक कबूल केली की जागा त्याचीच, हेही तितकंच सोपं होतं.

गुरुवारी अकराला चौकशी झाली. मुख्य कचेरीतून एक गृहस्थ आले होते. केस बारीक कापलेले, बोलणं सभ्य. त्यांनी पहिल्यांदा कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "वाक्य यादीत दोन ठिकाणी आहे. चव्वेचाळीस आणि त्र्याण्णव."

"यादी कुणाची?"

"यांचीच. वाक्यं यांनीच बनवलेली."

दोन ठिकाणी का, हे कुणी विचारलं नाही. यादी सोमवारी कुणी हलवली, हे गृहस्थांच्या कागदावर होतं. त्यांनी शेजारणीकडे पाहून विचारलं, "हलवताना काही बदललं?"

"जशी होती तशी नेली," ती म्हणाली.

मग ते सुतारपक्ष्याकडे वळले. कम्प्युटर पुरावा म्हणून कपाटात बंद होता, त्यामुळे त्याचा पट्टा बांधलेला नव्हता. पट्ट्याशिवाय तो लहान दिसत होता. "यांचं बोलणं कोण समजावून सांगेल?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"हे वाक्य तुमचं आहे?" गृहस्थांनी विचारलं.

तो बोलला. "वाक्य माझं आहे," तिनं सांगितलं. त्यानं हेच म्हटलं होतं. त्याला खोटं बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.

तो पुढे बोलत राहिला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, तिच्यासाठी जितकं स्पष्ट बोलता येईल तितकं स्पष्ट. त्र्याण्णवला होतं. गंमत म्हणून. चव्वेचाळीसला मी कधीच ठेवलं नव्हतं. यादी हलवताना तिथं आलं. शेजारणीला विचारा.

खोलीत पंखा फिरत होता. गृहस्थांनी पेन कागदावर टेकवलं. "काय म्हणतात?"

"पुढचं मला नीट कळलं नाही," ती म्हणाली.

तो थांबला. मग त्यानं सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. मानेच्या शिरा ताठ झाल्या, हनुवटीवर लाळ आली. रोज तीच पुसायची. आज तिनं पुसली नाही, कारण चौकशी चालू होती. मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"तुम्हालाही नाही कळत?" गृहस्थ म्हणाले.

"चिडले की तसं होतं त्यांचं," ती म्हणाली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्याला अहोजाहो केलं.

गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. निलंबन आजपासून. लेखी म्हणणं द्यायला सात दिवस. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत विभागाच्या ई-मेलवर. पाचच्या आत आलं आणि मुख्य कचेरीला पोचलं तर विचार होईल. नाहीतर चौकशीचा कागद अंतिम. "लेखी तर ते देऊ शकतात ना?" त्यांनी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "हो हो, टायपिंग उत्तम आहे त्यांचं."

खाली त्याला न्यायला त्याचा मोठा भाऊ आला होता. दादा फ्रिज दुरुस्त करायचा. त्याच्या टेम्पोतूनच खुर्ची यायची-जायची. लिफ्टमधून ती त्याला खाली घेऊन गेली, कारण रोज तीच न्यायची आणि आज दुसरं कुणी पुढे झालं नाही. लिफ्टमध्ये दोघंच होती.

"कळलं होतं तुला," तो म्हणाला.

शब्द अगदी साफ होते.

"काय?" ती म्हणाली. "नीट बोल, कळत नाहीये."

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

सॉफ्टवेअर कंपनीचं, पट्टा कंपनीचा, भोकांची पट्टीही कंपनीची. तिन्ही ऑफिसात राहिली. शनिवारी ती ऑफिसात असताना दादाचा तिला फोन आला.

"ताई, त्या पट्टीच्या भोकांचं माप सांगाल का? कीबोर्डावरच्या. मी पत्र्याची करतोय, पण त्याचा नेम चुकतोय."

तिनं फुटपट्टी घेऊन माप मोजलं आणि सांगितलं. तेवढं नाकारायला तिला कारण सापडलं नाही.

"कसा आहे?" तिनं विचारलं.

"लिहितोय. जेवायलाही थांबत नाही. घरचा कम्प्युटर जुना, त्यात ती तयार वाक्यं नाहीत. एकेक अक्षर. सकाळपासून पाच ओळी झाल्यात."

"काय लिहितोय?"

"दाखवत नाही हो. कुणाचं नाव घेत नाही. मी म्हटलं, अरे, मला सांग, मी टायपतो. तर म्हणाला, दुसऱ्यानं लिहिलेलं पुन्हा नको." मग दादा म्हणाला, "तुमची मात्र कमाल आहे ताई. त्याच्यासाठी एवढं कोण करतं?"

सोमवारी मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावून कायमच्या जागेचं पत्र दिलं. तारीख येत्या शुक्रवारची. "चौकशी गुरुवारी संपली की लागू," त्या म्हणाल्या. त्याचं काम तिच्याकडे आलं, आणि त्याच्याकडे असलेली विभागाची ई-मेल उघडायची जबाबदारीही. टपालाच्या माणसानं फळ्यावरून सुतारपक्षी पुसलं. नीट पुसलं गेलं नाही. सासूबाईंनी पत्र हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाल्या, "मिळाली शेवटी. तो मागं पडला, की पाडला?"

"आजारी पडला," ती म्हणाली.

बुधवारी दादाचा पुन्हा फोन. दोन पानं झालीत. मान सुजलीय, डॉक्टरनी दोन दिवस पूर्ण आराम सांगितलाय. तो ऐकत नाही. उद्या पाचपर्यंत पोचलं की झालं ना? पाच म्हणजे पाचच का?

"पाच म्हणजे पाच," ती म्हणाली.

गुरुवारी ती सकाळपासून त्या ई-मेलसमोर बसली होती. दुपारी तीनपर्यंत नेहमीचेच अर्ज आले. चारला मॅडम बाहेरच्या बैठकीला गेल्या, जाताना म्हणाल्या, "काही आलं तर पाचच्या आत मुख्य कचेरीला पुढे पाठवा. आल्याची वेळ ते बघत नाहीत, त्यांना पोचल्याचीच वेळ दिसते." चार वाजून त्रेचाळीस मिनिटांनी यादीत वरची ओळ ठळक झाली. पाठवणारा: दादाचा पत्ता. विषय: लेखी म्हणणं. सोबत एक फाईल. ओळ न उघडता दिसणाऱ्या पहिल्या शब्दांत होतं, "महोदय, मी हे पत्र".

त्यापुढचं पाहायला ओळीवर एकदा दाबावं लागतं. पुढे पाठवायलाही एकदाच.

पावणेपाचला दादाचा फोन वाजला. तिनं उचलला नाही. चार पन्नासला पुन्हा वाजला. पलीकडचं टेबल रिकामं होतं आणि विभागातली बाकी माणसं आवराआवर करत होती. टपालाच्या माणसानं दारातून विचारलं, "निघायचं का, शेजारीणबाई?"

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली.

पाचला पाच मिनिटं कमी असताना ती खुर्चीतच होती, उजवा हात माउसवर. मुख्य कचेरीच्या नोंदीत पाच वाजेपर्यंत काही पोचलेलं नाही. विभागाच्या ई-मेलमध्ये पाच वाजून दहा मिनिटांनी ती ओळ ठळकच होती, म्हणजे न उघडलेली. पाच वाजून बारा मिनिटांनी दादाचा टेम्पो ऑफिसच्या दाराशी येऊन थांबला. मागच्या बाजूला खुर्ची होती, आणि खुर्चीत तो होता.